उभ्याने केलेली प्रार्थना

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

बायकोला, जयाला, दवाखान्यातून निरगुडसरला घरी आणून आज तीन दिवस झाले. भंवरलालशेठच्या दुकानातून मला दरवर्षी डायरी मिळते आणि दरवर्षी ती कोरीच राहते. यंदा लिहायला घेतली, कारण घरात बोलायला कोणी नाही. जया आहे, पण संक्रांतीच्या दिवशी तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि उजवा हात, उजवा पाय व बोलणं एकदमच गेलं. माणसं ओळखते. सांगितलेलं समजतं असं वाटतं. डोळे सगळीकडे फिरतात.

कोणाला न सांगितलेली एक गोष्ट इथे लिहितो. मला प्रार्थना करता येत नाही.

मंचरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत मी अकरा वर्षं वडील आहे, म्हणजे पाळकसाहेबांच्या खालोखाल जबाबदारी असलेल्या चौघांपैकी एक. रविवारी लोकांपुढे उभा राहून प्रार्थना चालवतो, ती पाठ झालेली असते. घरातली प्रार्थना जया करायची. पहाटे साडेपाचला चहाचं आधण ठेवता ठेवता ती प्रभूशी बोलायला लागायची. 'अरे ऐक ना, अक्षदाची परीक्षा आहे, तिला सगळं आठवू दे. ह्यांची पाठ धरलीय, तेवढं बघ.' मी अंथरुणात पडून ऐकायचो आणि शेवटी आमेन म्हणायचो. मला ते बोलणं जरा सलगीचं वाटायचं. माझे वडील सोमाजी सांगायचे, 'साहेबापुढं अर्ज घिऊन गेल्यावर आपन बसतो का? मग देवापुढं बी उभंच ऱ्हायाचं, डोकं उघडं ठिवून.' मी तसाच उभा राहतो. देवाला 'आपण' म्हणतो.

चोवीस वर्षं माझं सगळं मागणं तिच्या तोंडून वर गेलं. आता तिच्यासाठी कोणी मागायचं?

११ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो. जयाचं वजन त्रेचाळीस किलो. दवाखान्यात नाकातली नळी तिने दोनदा ओढून काढली होती. पोटाला भोक पाडून नळी बसवता येते, पण तिचं हृदय भूल सोसणार नाही म्हणतात. "तोंडाने खाल्लं तर माणूस राहील. वरण-भात मऊ करून, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. दुसरा उपाय नाही."

घरी येऊन प्रार्थनेला उभा राहिलो. शब्द येईनात, म्हणून कागदावर आधी उतरवलं. लिहून झाल्यावर वाचलं तर वर लिहिलं होतं, 'विषय : पत्नीची भूक व वाचा परत मिळणेबाबत.' लाज वाटली. पण दुसरं काही येत नव्हतं, म्हणून तेच वाचून दाखवलं आणि खाली आमेन म्हणालो. एकट्याने म्हटलेला आमेन फार मोठ्याने ऐकू येतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जया बोलली.

दुपारी भात भरवत होतो. चौथ्या घासाला तिने तोंड मिटलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बास." तोंड वाकडं झाल्यामुळे नीट निघालं नाही, पण शब्द होता. वाटी तशीच ठेवून मी अक्षदाला फोन केला. ती पुण्याला एका कंपनीत आहे. रडली.

तिची लोखंडी खाट मी चार-चार विटांवर चढवून घेतली आहे. माझं काम उभ्याने चालतं. शेतपंपांच्या जळालेल्या मोटारींची तार उलगडून नवी गुंडाळायची, फेरे मोजायचे, सगळं टेबलाशी उभं राहून. खाट टेबलाएवढी झाली की तिचं पुसणं, कूस बदलणं, भरवणं पाठीला त्रास न होता होतं. दुकान पुढच्या खोलीतच आहे. उन्हाळा तोंडावर आला, सात मोटारी येऊन पडल्यात. एक घास देतो, पुढे जाऊन दोन फेरे घालतो, परत येतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

अक्षदा काल आली, आज गेली. तिच्या हातून जया वाटीभर जेवली, तीन वेळा. पोरगी वर चढून खाटेवर मांडी घालून बसते आणि ऑफिसातल्या गमती सांगते, घास मध्येच केव्हातरी. एका जेवणाला पाऊण तास. मी म्हणालो, "अगं उरक." म्हणाली, "पप्पा, तुम्ही मोटरला भरवता का आईला?"

लेकीची माया वेगळीच. अक्षदा गेल्यावर मी भरवायला गेलो तर दोन घास, की लगेच "बास".

१९ फेब्रुवारी, बुधवार

लोणीचे सयाजी आले होते मोटर मागायला. "संपतभाऊ, आज देतो उद्या देतो करून कांदं सुकवलंत राव आमचं." आतून आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "वैनी बोलाया लागल्या का?" मी म्हणालो, एकच शब्द येतो, बास. ते म्हणाले, "आमच्या मंडळीला बी त्यो एकच येत न्हाई." मी हसलो. महिन्याभरात पहिल्यांदा हसलो, आणि लगेच आत जाऊन माफी मागितली. कोणाची ते माहीत नाही.

सकाळची प्रार्थना : उभा राहिलो. आपण दयाळू आहात, आपण समर्थ आहात. पुढे जाता आलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

भंवरलालशेठच्या घरातून उगमबाई आल्या. जया त्यांच्या साड्यांना फॉल-पिको करून द्यायची, तेव्हापासूनची ओळख. मुगाची पातळ खिचडी आणली होती. खाटेच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, "जयाबाई, तुमच्यावाचून माझ्या चार साड्या तशाच पडल्यात. दुसरीकडे टाकणार नाही हं मी." बराच वेळ तशाच बसून राहिल्या. त्या त्यांच्या धर्माचं काही मनात म्हणत असाव्यात, ओठ हलत होते. मग भरवलं. अर्धी वाटी गेली.

त्यांच्या हाताला गोडी असावी. किंवा मुगाची खिचडी हलकी म्हणून. उद्यापासून मीही मुगाचीच करीन.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मुगाची केली. तीन घास. "बास."

२३ फेब्रुवारी, रविवार

चर्चमधल्या भक्तीनंतर पाळकसाहेब मंडळीतल्या दहा जणांना घेऊन घरी आले. त्यांचं म्हणणं, आपण मोघम मागतो म्हणून मिळत नाही, नेमकं मागा. साखळी प्रार्थना ठरली, दर तासाला एक घर. मग सगळे खाटेभोवती उभे राहिले, हात पुढे केले आणि एकदम मोठ्याने प्रार्थना सुरू झाली. मीही आवाज चढवला. वाटलं, एवढ्यांच्यात माझाही आवाज वर जाईल.

जया एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. मग डावा हात गादीवर आपटायला लागली. "बास. बास. बास." सगळे थांबले. कोणी खोकलं, कोणी चप्पल शोधायला लागलं.

दाराशी पाळकसाहेब हळूच म्हणाले, "संपतराव, रागावू नका. कधी कधी माणूसच सांगतो, पुरे झालं. तेही ऐकावं लागतं."

तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय. बास म्हणजे भात बास, की हे सगळंच बास?

२६ फेब्रुवारी, बुधवार

वजन अडतीस. तिचं मनगट माझ्या अंगठ्या-बोटात मावून वर जागा उरते.

आज दिवसभरात एकूण नऊ घास. साखळी प्रार्थना चालू आहे. माझ्या तासाला मी टेबलाशी उभा राहिलो आणि तासभर एकच विचार केला : भुकेने माणूस मरायला किती दिवस लागतात. ही प्रार्थना नव्हे. पण त्या तासात माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, म्हणून लिहून ठेवतो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मी तिचा जबडा धरला.

सकाळपासून काही नाही. दुपारी पहिल्याच घासाला "बास". मी म्हणालो, बास नाही, खा. तोंड मिटलेलं. डाव्या हाताने जबडा धरून दाबला आणि चमचा आत घातला, जसं बैलाला नळीने औषध पाजतात तसं. भात बाहेर आला. तिच्या डोळ्यातून पाणी आलं, पण तिने नजर काढली नाही. मी वाटी खाली ठेवली आणि मागच्या दाराने बाहेर जाऊन उसाच्या बांधावर उभा राहिलो. गालावर माझ्या दोन बोटांचे वळ होते. अक्षदा उद्या येणार आहे. काय सांगू तिला?

चोवीस वर्षांत मी तिच्यावर हात टाकला नव्हता. एवढं एक माझ्या बाजूने होतं.

ती पंधरा दिवस एकच सांगते आहे आणि मी ऐकत नाही. आता ऐकणार.

२ मार्च, रविवार

मंडळीत आज प्रार्थना माझ्याकडे होती. जयाजवळ अक्षदा होती. उभा राहिलो. पाठ केलेलं म्हणालो नाही. म्हणालो, 'हे प्रभू, जया थकली आहे. तिने पुष्कळदा सांगितलं, आम्ही ऐकलं नाही. आम्ही तिला धरून ठेवलं, ही आमची चूक. आपण तिला सोडवावे. आपल्याकडे बोलावून घ्यावे.' माझा आवाज कापला नाही. चाळीस माणसं म्हणाली, आमेन. म्हाताऱ्या साळुबाईचा ऐकू आला नाही, पण तिला कमी ऐकू येतं.

बाहेर लोकांनी हात हातात घेतले. पाळकसाहेब म्हणाले, फार धैर्याची प्रार्थना. मलाही वाटलं, आयुष्यात ही पहिली माझी स्वतःची. हलकं वाटलं. घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या.

अक्षदाला सांगितलं. ती जेवण अर्धं टाकून आईजवळ जाऊन बसली. चारच्या गाडीने जाताना माझ्या पाया पडली नाही.

४ मार्च, मंगळवार

आज जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी साळुबाई मंचरहून एसटीने आली. पंचाहत्तरीची, दोन्ही गुडघे गेलेले, मंडळीत सगळ्यांत जुनी. दारातच खाट बघून म्हणाली, "येवढ्या माडीवर नेऊन ठिवलीस व्हय रं बायकूला? तिला गावाला भाषण करायचंय का?" मी खुर्ची आणून दिली. ती जयाच्या उशाशी बसली. म्हणाली, "रैवारी काय मागितलंस त्ये मला शेजारनीनं घरी जाताना सांगितलं. म्हनून आले. भरव, बघू दे मला."

मी खाटेशी उभं राहून पहिला घास दिला. गेला. दुसरा दिला. जयाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली तोच शब्द. मी वाटी ठेवली. "बघा साळुबाई. बास म्हणते. रोज असंच."

"कोन म्हनतं बास?"

"तुम्हाला ऐकू येत नाही नीट."

"मला तोंड दिसतंय की. बस म्हनतीय ती. तुला म्हनतीय, बस. मगापासनं खुर्चीकडं डोळं दावतीय."

मी म्हणालो, ती मला बस कसं म्हणेल. 'बसा' म्हणेल. लग्न झाल्यापासून एकदाही एकेरी बोललेली नाही.

साळुबाई म्हणाली, "आरं, अर्धं तोंड गेलंय तिचं. जिभंला झेपंल तेवढंच बोलती. 'सा' कुठनं आनंल? का तुला मान पायजे अजून? बस की मुकाट्यानं."

मी विटांवर पाय देऊन खाटेच्या कडेला बसलो. जयाने डावा हात उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि तोंड उघडलं.

अकरा घास गेले. मला फेरे मोजायची सवय आहे, म्हणून नक्की सांगतो, अकरा. प्रत्येक घासाला ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो. बारावा मीच दिला नाही. वाटी खाली ठेवली.

साळुबाईने खिडकीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "भात लई अगोड केलाय. मीठ घाल थोडं."

५ मार्च, बुधवार

विटा काढल्या. खाट खाली आली. सकाळी बसून वीस घास, दुपारी पंधरा. दोन मोटारी परत पाठवल्या, दुसरीकडे न्या म्हणालो.

अक्षदाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मी बसायचे, पप्पा. मला कळलंच नाही की म्हणून ती खायची."

आता एक भीती. रविवारचं ते मागणं गेलेलं आहे. मी मागितलं, चाळीस माणसांनी त्यावर आमेन म्हटलं. तहसिलीत अर्ज चुकला तर दुसरा देता येतो, पहिला मागे घेता येतो. हे मागे कसं घ्यायचं, मला कोणी शिकवलं नाही. जयाला विचारलं असतं.

७ मार्च, शुक्रवार

काल दुपारी भरवताना ठसका लागला. आज पहाटे अंग तापलेलं, छाती घरघरते. मंचरच्या दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टर म्हणतात, अन्न श्वासनलिकेत जाऊन फुफ्फुसात पोचलं. अशा पेशंटला हळू भरवावं लागतं, किती भरवत होता? मी आकडे सांगितले. त्यांनी ते कागदावर टिपून घेतले.

आनंदात जास्त भरवलं मी. की रविवारच्या मागण्याचं हे उत्तर आलं? दोन्हीकडून बघितलं तरी करणारा मीच.

८ मार्च, शनिवार

पाळकसाहेबांना फोन केला. म्हणालो, उद्या भक्तीत सगळ्यांना सांगा, तो आमेन मागे घ्या. ते म्हणाले, "संपतराव, प्रभूला मन कळतं. अशी मागे घ्यायची काही पद्धत नाही आपल्यात." मी म्हणालो, "मनानेच मागितलं होतं साहेब. तेच कळलं असेल तर?" चांगला माणूस आहे. खोटं उत्तर दिलं नाही.

अक्षदा आली आहे. आम्ही बाकावर शेजारी बसलो होतो. तिने विचारलं, "तुम्ही आता काय म्हणता प्रार्थनेत?" मी म्हणालो, काही नाही.

९ मार्च, रविवार

दुपारी साळुबाईचा फोन. ओरडून बोलते.

पाळकसाहेबांनी प्रार्थना संपवल्यावर ही काठी टेकत उभी राहिली म्हणे. म्हणाली, "मागच्या रैवारी संपतला ऐकाया चुकलं. त्याची बायकू बास म्हनत नव्हती, बस म्हनत व्हती. मी आमेन म्हनलंच न्हाई, माझं मला ऐकू आलं नव्हतं. तुमी म्हनलंय, ते तुमचं तुमी माघारी घ्या. मी हितं उभी हाय, गुडघं दुखत्यात, लवकर घ्या."

मी विचारलं, मग?

"मग काय. आधी पाळकच म्हनला, माघारी घेतलं. मग सगळी म्हनली एक-एक करून. जरा वेळ लागला. कुनाला असं म्हनायची सवय न्हाई ना."

फोन ठेवून मी आत जाऊन जयाच्या कपाळाला हात लावला. ताप तेवढाच आहे.

१० मार्च, सोमवार

तिला आतल्या अतिदक्षता विभागात हलवलंय. नातेवाइकाला दिवसातून दोनदा पाच मिनिटं. उभ्याने बघायचं आणि निघायचं. आत स्टूल नाही, खुर्ची नाही.

दोन वाजता मला आत सोडलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे अर्धे मिटलेले. मी नाव घेतलं. मास्कच्या आत ओठ हलले आणि प्लास्टिकवर वाफ आली. समृद्धी नावाची सिस्टर शेजारी सलाईन बदलत होती. म्हणाली, "काका, बास म्हणतायत त्या. थकल्यात. चला आता."

मी म्हणालो, "नाही सिस्टर, बस म्हणतीय."

"इथे बसायची परवानगी नाही काका."

मी खाली फरशीवर बसलो. सिस्टर माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पडदा ओढून घेतला आणि पलीकडच्या पेशंटकडे गेली.

फरशीवरून तोंड दिसत नव्हतं. खाटेच्या कडेला आलेला डावा हात दिसत होता, सुई टोचलेला, सुजलेला. मी त्या हाताला खालून हात लावला. इतकी माणसं, इतकं मागणं होऊन गेलं होतं, आणि माझ्याकडे विषय, कारण, स्तुती, काही काही उरलं नव्हतं. मी म्हणालो, नेऊ नको.

पुढे काही जोडता आलं नाही. परत तेच म्हणालो.

सिस्टरने पडदा सरकवला. पाच मिनिटांची पंधरा झाली होती. ती रागावली नाही. म्हणाली, "काका, डॉक्टर चार वाजता येऊन सांगतील."

आता पावणेतीन. अक्षदा औषध आणायला गेली आहे. मी जिन्याच्या पायरीवर बसून हे लिहितोय, आणि लिहिताना आत तेवढंच चाललंय : नेऊ नको. ऐकतोस ना, नेऊ नको.